टिपणीसकाकांचे अध्यक्ष

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास फोनवर वृंदाचा निरोप आला. वृंदा म्हणजे टिपणीसकाकांची मुलगी. ‘बाबा आज पहाटे गेले. झोपेतच. बेसणं शनिवारी चार ते सहा, घरीच.’ बडोद्यात आता आम्हा मराठी घरांतही बेसणंच असतं. पांढरे कपडे घालून दोन तासांत येऊन, हात जोडून, बसून जायचं. मी तो निरोप वाचला आणि आधी त्यातलं शुद्धलेखन तपासलं. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या की माणसाचं असं होतं, डोळे आधी कामाला लागतात आणि मन मागून येतं. निरोपात एकही चूक नव्हती. मग मी खाली बसले.

गुरुवार होता, हेच मला लागलं. सतरा वर्षं दर गुरुवारी सकाळी दहा वाजता मी नागरवाड्यात टिपणीसांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी जात असे. आजारपणं आणि लग्नकार्यं सोडली तर हा नेम चुकला नाही. फक्त शेवटचे चार महिने मी गेले नव्हते. आम्ही भांडलो होतो... आणि भांडलो होतो कुणावरून, तर पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका राष्ट्राध्यक्षावरून. हे मी बेसण्याला आलेल्या लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी मला पाणी आणून दिलं असतं.

त्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही, त्यांच्या देशाचंही नाही. त्यात गूढ काही नाही. काकांची इच्छा होती की ते नाव मराठीत पहिल्यांदा छापलं जावं ते त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. ‘बाई, फुकट वाटून टाकू नका,’ असं ते मला बजावत. म्हणून आमच्या बोलण्यात ते कायम नुसते ‘अध्यक्ष’ असत. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ प्रदेशातला एक देश, स्पेनच्या राजाची सत्ता उलथून नुकताच प्रजासत्ताक झालेला, आणि त्याच्या पहिल्या दोन-चार अध्यक्षांपैकी हे एक. वाचकांना एवढं पुरे.

टिपणीसकाका, मनोहर टिपणीस, बडोद्यातल्याच गोरव्याच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून, वडील शिक्षक, आणि हे ड्रॉइंग बोर्डपुढे. कारखान्याचे काही पंप त्या देशात गेले होते. तिथून तक्रारीचं एक पत्र आलं, ते स्पॅनिशमध्ये. कारखान्यात कुणालाच ते वाचता येईना. जो तो ते पुढच्या टेबलावर सरकवत होता, असं करत करत ते काकांच्या बोर्डवर आलं आणि तिथून पुढे सरकलं नाही. पाकिटावरच्या तिकिटावर एका माणसाचं चित्र होतं, जाड कल्ले, दमलेले डोळे. काका म्हणायचे, ‘तो माणूस असा बघत होता की जणू पत्राचं उत्तर त्यालाच हवंय.’ काकांनी जुन्या बाजारातून एक शब्दकोश मिळवला आणि तीन आठवडे खपून ते पत्र उलगडलं. तक्रार एवढीच होती की पंपाचा एक वॉशर कमी आला आहे. वॉशर गेला, पण काका त्या तिकिटापाशीच राहिले. हा माणूस कोण, हे शोधायला त्यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं. पुढे कारखाना दूर सावली गावाच्या बाजूला हलला तेव्हा बाकीचे लोक बसमध्ये झोपायचे, पत्ते खेळायचे, आणि काका जाता-येता क्रियापदं चालवायचे. कुमुदकाकू, त्यांच्या पत्नी, सांगायच्या, ‘माझ्या घरात दोन पुरुष आहेत बाई. एक हे आणि एक ते अध्यक्ष. त्यातले ते बरे, चहा मागत नाहीत.’

निवृत्त झाल्यावर काका आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, काखेत फाईल. ‘मराठी कडक तपासणारं कुणी आहे का?’ असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या सहकाऱ्यांनी एका सुरात माझ्याकडे बोट दाखवलं. पहिलं प्रकरण मी घरी नेलं आणि लाल करून परत दिलं. मला वाटलं, गृहस्थ आता तोंड दाखवणार नाहीत. उलट त्यांनी घरी बोलावलं. शाळा दुपारची, म्हणून पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी प्रत्येक लाल खुणेपुढे आपलं म्हणणं लिहून ठेवलेलं होतं. अर्ध्याहून अधिक ठिकाणी ‘मान्य’. बाकीच्या ठिकाणी ‘अमान्य, कारण पाठीमागे पाहावे.’ आणि पाठीमागे खरोखरच कारणं होती! तेव्हाच मी ओळखलं, या माणसाशी आपलं जमणार.

अध्यक्षांची गोष्ट मला अशी गुरुवारागणिक कळत गेली. वडील डोंगरातून खेचरांचे तांडे हाकणारे. मुलगा पोटासाठी स्पेनच्या राजाच्या फौजेत शिरला, आणि एके दिवशी आपल्याच लोकांवर गोळी झाडायची वेळ आली तेव्हा बंदुकीसकट पलीकडच्या बाजूला निघून गेला. मग वर्षानुवर्षांच्या लढाया. एका नदीच्या उतारावर घोडा वाहून गेला, तेव्हा फौजेतल्या एका बिगूलवाल्याने त्यांना केसांना धरून काठावर ओढलं. हा प्रसंग काका फार रंगवून सांगत आणि सांगताना स्वतःचे विरळ केस मुठीत धरत. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि खेचरवाल्याचा मुलगा अध्यक्ष. राजवाड्यात राहायला गेला, पण खेचर दाराशी बांधून ठेवलं, कारण घोड्याला ते रस्ते झेपत नसत. छावण्यांमधली फटक्यांची शिक्षा त्यांनी बंद केली. डोंगरातल्या मूळ रहिवाशांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेला डोईकर उठवला. एका ओस पडलेल्या मठात मुलींची शाळा काढली आणि पहिल्या दिवशी स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले, कारण त्यांना शाळा ठाऊकच नव्हती. हे वाक्य काकांनी लिहिलं होतं ते तसंच्या तसं आहे. त्यावर मी लाल पेन टेकवलं नाही.

भांडायला मात्र आम्हाला कारण लागत नसे. काकांच्या कानात आजोबांच्या कचेरीचं मराठी बसलेलं होतं. त्यांनी अध्यक्षांच्या पहिल्या मंत्र्याला सरळ ‘दिवाण’ केलं, प्रांताच्या अधिकाऱ्याला ‘सुभा’ आणि लोकप्रतिनिधींच्या सभेला ‘धारासभा’. मी म्हटलं, ‘अहो काका, हे प्रजासत्ताक आहे. इथे दिवाण कुठून आला? उद्या अध्यक्षांना मुजरा करायला लावाल.’ काका म्हणाले, ‘आमच्या बडोद्यात धारासभा होती बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधी. चांगला शब्द आहे, घडी करून ठेवलेला. वापरायचा नाही म्हणजे काय?’ शेवटी तह झाला. दिवाण गेला, सुभाही गेला, धारासभा राहिली. आज वाटतं, तिथे त्यांचंच बरोबर होतं.

त्यांची लिहिण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काका जुन्या ड्रॉइंगांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत, खोलीतल्या तिरप्या ड्रॉइंग बोर्डवर. आणि कारखान्याच्या ड्रॉइंगला उजव्या कोपऱ्यात खाली जशी चौकट असते, तशी प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर आखत. ‘लिहिले’ पुढे त्यांची सही. ‘तपासले’ पुढे रिकामी जागा, ती माझी. कारखान्यात तिसरा रकाना असतो ‘मंजूर’, तो त्यांनी गाळला होता. ‘मंजूर वाचक करतील,’ म्हणायचे. त्या चौकटीच्या वर दुरुस्त्यांचा तक्ता. ड्रॉइंगमध्ये एखादं माप बदललं तर जुनं माप खोडून टाकायचं नाही, हा त्या धंद्यातला नियम. जुन्यावर आडवी रेघ, शेजारी नवं माप, त्याच्या बाजूला छोटा त्रिकोण आणि त्रिकोणात आकडा. मग वरच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे लिहायचं, काय बदललं आणि का. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की इथे आधी काय होतं, आणि चूक कुणाची होती. काकांनी अध्यक्षांचं सगळं चरित्र असं लिहिलं. पानापानांवर त्रिकोण. त्यांच्या घरात पेन्सिली शंभर सापडतील, रबर एकही नाही.

याचं कारण कुमुदकाकूंनी मला एकदा सांगितलं, काका भाजी आणायला खाली गेले असताना. गोरव्याला असताना काकांच्या हातून एका सुट्या भागाचं माप चुकलं. त्या मापाने ओतकाम होऊन आलं आणि सगळा माल भंगारात काढावा लागला. वरचे साहेब भले होते, त्यांनी सुचवलं, ते माप हळूच पुसा, बरोबर घाला, आणि ओतणाऱ्यांनी चुकीचं वाचलं म्हणून सांगू. काकांनी बोर्डवर जाऊन त्रिकोण काढला, तक्त्यात लिहिलं, ‘माप चुकले होते. चूक माझी’, आणि ते ड्रॉइंग घेऊन स्वतः मालकांपुढे उभे राहिले. मुख्य ड्राफ्ट्समनची जागा त्या वर्षी त्यांना मिळणार होती, ती हाताखालच्या माणसाला मिळाली. पुढची सगळी नोकरी काकांनी त्या हाताखालच्या माणसाच्या हाताखाली केली. ‘घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले. मला महिन्याने कळलं, तेही दुसऱ्याकडून,’ काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून मी काकांपुढे पेन जरा जपून धरू लागले.

तेरा प्रकरणांवर माझी सही झाली. चौदावं येता येईना. दर गुरुवारी नवीन सबब. चष्म्याचा नंबर वाढलाय, एक संदर्भ यायचाय, थंडी आहे. चौदाव्या प्रकरणात काय आहे ते मला साधारण ठाऊक होतं. अध्यक्षांच्या कारकिर्दीत राजधानीतल्या एका छावणीत बंड झालं होतं. ते मोडल्यावर नऊ शिपायांना खटला न चालवता पहाटे भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. त्या नऊ जणांत एक जण नदीतून अध्यक्षांना ओढून काढणारा बिगूलवाला होता. आणि मग दोन वर्षांची मुदत शिल्लक असताना अध्यक्षांनी एकाएकी पद सोडलं. सरहद्दीपलीकडच्या एका बंदरात जाऊन लहान मुलांना गणित शिकवत राहिले, आणि लोकांनी तीनदा बोलावूनही परत आले नाहीत. ते का गेले, हे आम्हा दोघांना सतरा वर्षं उमगलेलं नव्हतं. पंधराव्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात काकांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिलं होतं. मी विचारलं होतं, ‘खेचरावरून डोंगर चढणाऱ्या माणसाची प्रकृती?’ त्यावर काका नुसते हसले होते.

चौदावं प्रकरण शेवटी आलं, आणि त्यात लिहिलं होतं की बंडाच्या वेळी अध्यक्ष राजधानीत नव्हते, दूर प्रांतात दौऱ्यावर होते. गोळ्या घालण्याचा हुकूम सेनापतीने परस्पर काढला. मी ते वाचलं, आणि मला अकरावं प्रकरण आठवलं. त्यात काकांनीच अध्यक्षांनी बहिणीला लिहिलेलं एक पत्र दिलं होतं, राजधानीतून लिहिलेलं, नेमकं त्याच तारखेचं. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

‘काका, माणूस एका दिवशी दोन ठिकाणी कसा?’

‘पत्रावरची तारीख चुकली असेल.’

‘मग अकराव्यात ती तुम्ही बिनत्रिकोणाची कशी घेतलीत?’

काका नखाने बोर्डची कड खरवडत राहिले. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला समोर चूक दिसली की थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणाले, ‘तुम्हाला माहीत आहे ते तिथे होते. कारखान्यात त्रिकोण काढलात, आणि अध्यक्षांसाठी रबर?’

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, फाईलची नाडी बांधली आणि म्हणाले, ‘आज एवढंच, बाई. आवजो.’ कुमुदकाकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी जिन्यात होते.

पुढच्या गुरुवारी मला वाटलं, फोन येईल. आला नाही. त्यांना वाटलं असेल, मी जाईन. मी गेले नाही. मी बरोबर होते ना! बरोबर असलेल्या माणसाला फार ताठ बसता येतं. एक महिना गेला, दोन गेले. गुरुवारी सकाळी मी दुसरं कुठलंही काम ठेवत नव्हते, हेही इथे कबूल करते. दहा वाजले की उगाच कपाट आवरायला घ्यायचे. नागरवाड्यावरून रिक्षा गेली की मान दुसरीकडे वळवायची. आणि चौथ्या महिन्यात तो निरोप आला.

बेसण्याला खोली भरली होती. बोर्ड भिंतीला टेकवून त्यावर चादर घातलेली होती, फोटो खुर्चीवर. कारखान्यातले जुने लोक आले होते. काकांच्या शेजारच्या बोर्डवर वीस वर्षं बसलेले जयंतीभाई माझ्याजवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘बेन, एमणे कोई दिवस रबर नथी वापर्युं. मने कहे, जयंती, भूल भूंसाय नहीं, एनी बाजुमां त्रिकोण मुकाय.’ त्यांना वाटलं, मला हे ठाऊक नसेल. चूक पुसायची नसते, तिच्या शेजारी त्रिकोण काढायचा असतो... मला ते इतकं ठाऊक होतं की तेच मी त्या माणसाच्या तोंडावर फेकलं होतं. बेसण्यात रडायचं नसतं असं काही नाही, पण मला लाज वाटली. मी रडत होते ती काका गेले म्हणून की माझं शेवटचं वाक्य ते होतं म्हणून, हे मलाच कळत नव्हतं. काकूंना नमस्कार केला आणि पळाले.

तीन आठवड्यांनी काकूंचाच फोन आला. ‘बाई, गुरुवारी या ने. तुमचं काहीतरी बोर्डवर राहिलंय.’

मी गेले. दहाला. बोर्ड परत आपल्या जागी, खिडकीशी, तिरपा उभा होता. त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, नेहमीच्या दोन खुर्च्या, त्यांची आणि माझी. काकू म्हणाल्या, ‘मी त्यांच्यासारख्याच मांडल्या. हे दर गुरुवारी मांडायचे. मी म्हणायचे, त्या येत नाहीत, तुम्ही फोन तरी करा. तर म्हणायचे, अजून वार लागेल कुमुद, थोडा वेळ जाईल, अपुरं काम बाईंना दाखवायचं नाही.’ आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या.

बोर्डवर चौदावं प्रकरण होतं. नव्याने लिहिलेलं, त्यांच्या त्या सरळ उभ्या अक्षरात, शेवटी शेवटी जरा हललेल्या. कोपऱ्यात चौकट आणि वर दुरुस्त्यांचा तक्ता. मी तक्ता वाचायला लागले.

पहिला त्रिकोण: ‘बहिणीच्या पत्राची तारीख तपासली. नक्कल करणाऱ्याची चूक. मूळ पत्र महिनाभर आधीचे. बाईंचा पुरावा बाद.’

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे माझं चुकलं होतं. ज्या पत्राच्या जोरावर मी एवढं बोलले, त्या पत्राचा त्या दिवसाशी काही संबंधच नव्हता. वृंदाने नंतर सांगितलं, बाबांनी अध्यक्षांच्या देशातल्या दप्तरखान्याला तिच्याकडून ईमेल पाठवून घेतले होते, एकामागून एक, आणि तिथल्या एका बाईंनी मूळ पत्राचा फोटो पाठवला होता. तो हातात आला तेव्हा काका भांडण जिंकले होते. तो कागद पाकिटात घालून माझ्याकडे धाडायचा, एवढंच काम होतं. मी असते तर धाडला असता, खाली दोन ओळी खरमरीत लिहून.

दुसरा त्रिकोण: ‘तरीही शंका राहिली. मूळ हुकमाची प्रत मागवली. अध्यक्ष राजधानीतच होते. हुकमावर सही त्यांचीच.’

कुणी मागितलेला नसताना, माझा पुरावा बाद झालेला असताना, या माणसाने आपल्या दैवताविरुद्धचा पुरावा स्वतः शोधून आणला होता. मला दाखवायला म्हणावं तर मी तिथे नव्हतेही. ज्या तिकिटावरच्या चेहऱ्यासाठी हयात घालवली, त्या चेहऱ्याच्या माणसाने आपल्याला वाचवणाऱ्याला भिंतीशी उभं केलं, हे त्यांनी एकट्याने, त्या खुर्चीत बसून, आपल्या हाताने लिहिलं. किती जड गेलं असेल...

तिसरा: ‘नऊही शिपायांची नावे घातली. बिगूलवाल्याचे पहिले.’ चौथा: ‘“दुर्दैवाने” हा शब्द काढला.’ आणि पाचवा: ‘प्रकरण पंधरामधील “प्रकृतीच्या कारणास्तव” काढावे. कारण सापडले.’ कारण आतल्या पानांत होतं. हुकमाच्या शोधातच त्या दप्तरखान्यातल्या बाईंना अध्यक्षांचं धारासभेपुढचं शेवटचं निवेदन सापडलं होतं. त्यात अध्यक्षांनी ती नऊ नावं एकामागून एक वाचली होती. सही माझी आहे, आणि ज्या हाताने ती केली त्या हाताने आता दुसऱ्या कुठल्या कागदावर सही करणं बरं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते सभागृहाबाहेर पडले होते. बाहेर खेचर उभं होतं. तीनदा बोलावणी येऊनही ते का परतले नाहीत, याचं उत्तर सतरा वर्षं आमच्या दोघांच्या मधोमध होतं. अध्यक्षांना दौऱ्यावर धाडून काकांनी त्यांची चूक झाकली होती, आणि तिच्याखाली त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट झाकली गेली होती. आता ती उघड्यावर आली आणि तो तिकिटावरचा दमलेला माणूस मला पहिल्यांदा खरा मोठा वाटला. आणि त्याला तसं दाखवणारा माझा माणूस त्याहून.

मी सगळं प्रकरण बसून वाचलं. दोन तास लागले. काकूंनी चहा दोनदा गरम केला. काकूंना मी सांगितलं की काका बरोबर होते, पत्राबद्दल माझं चुकलं. त्या म्हणाल्या, ‘मला म्हणाले होते ते. पण म्हणाले, बाईंनी चुकीच्या पत्रावरून बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. राग नव्हता हो त्यांना.’ हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही. राग नव्हता, तर मग मी चार महिने कुणावर रुसून बसले होते? एक जिना चढून जायचं होतं फक्त.

काकांच्या तीन पेनांतलं काळं पेन बोर्डच्या खाचेत होतं. तक्त्यात एक ओळ रिकामी होती. सतरा वर्षांत मी त्यांच्या कागदावर लाल खुणा केल्या, सह्या केल्या, पण त्रिकोण कधी काढला नव्हता. तो हक्क चूक करणाऱ्याचा. मी पट्टी घेतली आणि सहावा त्रिकोण काढला, जरा वाकडाच आला. त्याच्यापुढे लिहिलं, ‘पत्राबाबत चूक बाईंची. सांगायला उशीर झाला.’ मग खाली ‘तपासले’च्या पुढे सही केली आणि तारीख घातली.

पंधरावं आणि सोळावं प्रकरण काकूंनी माझ्या हवाली केलं आहे. ते मी घरी नेणार नाही, तिथेच तपासणार, गुरुवारी दहाला. पुस्तक निघेल, आणि मुखपृष्ठावर ते नाव मराठीत पहिल्यांदा छापलं जाईल. त्या दिवशी मात्र सही वाळल्यावर मी उठले नाही. सही झाली की कागद समोरच्याला वाचता येईल असा फिरवून द्यायचा, ही आमची रीत होती. मी बोर्डवरचा कागद उचलला, फिरवला आणि समोरच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला.